रेड वाइनची आवड असलेल्या बहिणीसाठी नाशिकची सहल: कोणत्या वाइनरी निवडाव्यात?

धाकटी_कोथरूड

नमस्कार. माझी थोरली बहीण गेली एकोणीस वर्षे मेलबर्नला राहते. येत्या फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत ती पुण्याला आमच्याकडे असणार आहे. ताईला रेड वाइनची मनापासून आवड आहे. ऑस्ट्रेलियातल्या बरोसा खोऱ्यातली शिराझ (त्याच नावाच्या काळ्या द्राक्षाची रेड वाइन) तिची विशेष आवडती असून, प्यायलेल्या प्रत्येक चांगल्या बाटलीची नोंद ती एका वहीत करते: वर्ष, गाव, वास कसा होता, बरोबर काय खाल्ले, कोण सोबत होते. त्या वहीत भारतातल्या एकाही वाइनची नोंद नाही. काही वर्षांपूर्वी एका लग्नसमारंभात तिला जी भारतीय रेड वाइन मिळाली, ती बहुधा आदल्या दिवशी उघडलेली होती आणि मांडवाच्या उकाड्यात तापलेली होती; तेव्हापासून तिने आपल्याकडच्या रेड वाइनचा विषयच काढलेला नाही. मला तिला नाशिकला न्यायचे आहे आणि आपल्या मातीतली एखादी तरी वाइन तिच्या वहीत जावी अशी माझी फार इच्छा आहे.

अडचणी अशा आहेत. सोबत आई असेल. ती त्र्याहत्तर वर्षांची आहे आणि मद्य घेत नाही, पण आम्हा दोघींबरोबर फिरायला तिला आवडते, त्यामुळे तिने तासन्‌तास नुसते बसून राहावे असे मला वाटत नाही. मी स्वतः एखादा घोट घेते, त्यापलीकडे मला यातले फारसे कळत नाही. एका दिवसात पाच वाइनरी दाखवणाऱ्या सहलींच्या जाहिराती मी पाहिल्या आहेत. अशी सहल घ्यावी, की आपली आपण आखणी करावी? रेड वाइनसाठी कोणत्या जागा खरोखर पाहण्यासारख्या आहेत, आणि फेब्रुवारीत जाणे बरे की मार्चमध्ये? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

गंगापूररोडकर

नमस्कार. मी नाशिकचाच असून गेली दहा-अकरा वर्षे घरी येणाऱ्या पाहुण्यांना वाइनरी दाखवत आलो आहे, त्यामुळे अनुभवावरून लिहितो.

पाच वाइनरींची सहल कृपया घेऊ नका. साधा हिशेब करून पाहा. प्रत्येक ठिकाणी साधारण पाच वाइन, प्रत्येकी ३० मिलिलिटर, म्हणजे पाच ठिकाणी मिळून ७५० मिलिलिटर, अर्थात एक आख्खी बाटली एका दिवसात पोटात जाते. शिवाय नेहमीच्या टेस्टिंगमध्ये सुरुवातीला स्पार्कलिंग (फसफसणारी), मग व्हाइट, मग रोझे (गुलाबी) आणि शेवटी एखाददुसरी रेड असा क्रम असतो, म्हणजे जिच्यासाठी तुम्ही एवढा प्रवास करणार ती वाइन जीभ थकल्यावर पुढ्यात येते. रेड वाइनमधला तुरटपणा जिभेवर साचत जातो आणि आठ-दहा घोटांनंतर दोन चांगल्या वाइनमधला फरक कळेनासा होतो. म्हणून दिवसाला दोनच जागा ठेवा: एक जेवणापूर्वी अकराच्या सुमारास, दुसरी दुपारी चारनंतर. आणि प्रत्येक ठिकाणी आधी फोन करून स्पष्ट सांगा की आम्हाला फक्त रेड वाइन चाखायच्या आहेत, त्यातही रिझर्व्ह, म्हणजे निवडक वरच्या प्रतीच्या, आणि ओक लाकडाच्या पिंपांचे तळघर पाहायचे आहे. थोडे जास्त पैसे पडतात. पण सप्टेंबर-ऑक्टोबरपेक्षा द्राक्षांच्या हंगामात, आणि रविवारपेक्षा मंगळवारी-बुधवारी, ही विनंती आनंदाने मान्य झाल्याचा माझा अनुभव आहे.

माझी मुख्य सूचना अशी आहे की, तुमच्या ताईंना शिराझ आवडते तर सगळी सहल शिराझच्याच धाग्यावर ओवावी. एकच द्राक्ष, एकच जिल्हा, पण चार वेगवेगळ्या हातांनी केलेली वाइन, अशी तुलना त्यांच्यासारख्या व्यक्तीला कितीतरी अधिक देऊन जाईल.

पहिल्या दिवशी गंगापूर धरणाच्या बाजूला राहा. गोवर्धन शिवारातली सुला ही नाशिकच्या वाइनची सुरुवात मानली जाते. राजीव सामंत यांनी नव्वदच्या दशकात इथे वाइनची द्राक्षे लावली आणि २००० साली त्यांची पहिली वाइन बाजारात आली. तिथे गर्दी असते, म्हणून सकाळी उघडतानाच जा. दिंडोरी रिझर्व्ह शिराझ आणि त्यांच्या वरच्या प्रतीतली रासा, या दोन शेजारीशेजारी मागवा. पहिली ओकमध्ये सुमारे वर्षभर ठेवलेली असते, आणि तीच ताईंच्या मनातला जुना ग्रह दूर करील असे मला वाटते. दुपारनंतर तिथून पुढे गंगावऱ्हे इथल्या यॉर्कला जा. २०२१ पासून यॉर्कही सुलाच्याच मालकीची आहे, परंतु जागा लहान आणि निवांत आहे, आणि शिराझ व कॅबर्ने सोव्हिन्यों यांच्या मिश्रणाची त्यांची आरोस ही वाइन, धरणाच्या पाण्यावर ऊन कलत असताना चाखण्यासारखी आहे. आईंना सकाळी सोमेश्वर किंवा पंचवटीतल्या काळारामाचे दर्शन घडवता येईल. त्र्यंबकेश्वरही दूर नाही, मात्र महाशिवरात्रीच्या आसपासचे दिवस टाळा, कारण त्र्यंबक रस्त्यावर तेव्हा गाडी हलत नाही.

दुसऱ्या दिवशी इगतपुरी तालुक्यात जा. सांजेगावला ग्रोव्हर झांपाची वाइनरी आहे आणि तिच्या जवळच कावनई शिवारात व्हॅलोने ही छोटी वाइनरी आहे. ग्रोव्हर हे मूळचे बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सचे; २०१२ मध्ये ते नाशिकच्या झांपाशी एकत्र आले. त्यामुळे तिथे त्यांची ला रिझर्व्ह ही रेड वाइन चाखताना द्राक्षे नंदीची की नाशिकची हे आवर्जून विचारा. ताईंच्या वहीत गाव लिहायचे आहे, तेव्हा ते बरोबर लिहिले जावे. व्हॅलोने मला व्यक्तिशः सर्वांत प्रिय आहे. मुकणे धरणाच्या बाजूला असलेली ती जागा शांत आहे, मेर्लो आणि माल्बेक या द्राक्षांच्या रेड वाइनही तिथे होतात, आणि सांगणारा माणूस घाईत नसतो. कावनईला कपिलधारा तीर्थ आहे, आईंना ते नक्की आवडेल.

दिंडोरीची शांदों मुख्यतः स्पार्कलिंग वाइनची आहे, तुमच्या सहलीत ती सोडली तरी चालेल.

वाहनाबद्दल एक सांगतो. आपल्याकडे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्क ही मर्यादा आहे आणि पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तुम्ही घोटच घेत असलात तरी त्या दोन दिवसांसाठी चालक ठेवा, म्हणजे तुम्हालाही ताईंबरोबर नीट बसता येईल.

दिंडोरीचा_बागायतदार

वरची आखणी उत्तम आहे. मी फक्त बागेच्या बाजूने लिहितो, कारण पाहुणे सगळे काही तळघरात आणि टेबलावर शोधतात आणि ज्या वेलीवर वाइन अर्धी घडून गेलेली असते तिच्याकडे फोटोपुरतेच पाहतात. आमच्याकडे खाण्याची आणि वाइनची अशी दोन्ही द्राक्षे होती. शिराझ आम्ही नऊ हंगाम घेतली.

आधी तारखेचे. नाशिकला हिवाळा वेलीला झोपवण्याइतका कडक नसतो, म्हणून आम्ही वर्षातून दोनदा छाटतो: एप्रिलमध्ये खरड छाटणी, जिच्यातून पुढच्या मालाची काडी तयार होते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. छाटण्या दोन, पण वाइनसाठी पीक एकच. व्हाइटची द्राक्षे, म्हणजे शेनिन आणि सोव्हिन्यों ब्लां, आधी उतरतात. शिराझ आणि कॅबर्ने मागाहून, बहुतेक बागांत फेब्रुवारीत आणि मार्चच्या सुरुवातीला. त्यामुळे फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा निवडलात तर काही बागांत घड वेलीवर असतील आणि वाइनरीत त्याच द्राक्षांचे टाकीत आंबणे चालू असेल. दोन्ही एकाच फेरीत पाहायला मिळण्याचे दिवस वर्षात फार थोडे असतात. ताईंसाठी यात आणखी एक गंमत आहे: ऑस्ट्रेलियात तेव्हा उन्हाळा संपत आलेला असतो आणि बरोसातली तोडणीही साधारण याच दिवसांत असते. त्या तिकडून निघतील तेव्हा तिथल्या शिराझमध्ये साखर भरत असेल, आणि इथे उतरतील तेव्हा इथल्या.

बागेत गेल्यावर काय पाहावे ते सांगतो. खाण्याची द्राक्षे मांडवावर किंवा वाय पद्धतीवर असतात, मणी फुगावा म्हणून त्यांना जीएची (जिबरेलिक अ‍ॅसिड या वाढसंप्रेरकाची) बुडवणी देतात, आणि एकरी माल जास्तीत जास्त घेतात. वाइनची वेल उभ्या तारांवर असते, मणी मुद्दाम बारीक ठेवतात आणि आम्ही एकरी चार-पाच टनांवर माल थांबवत होतो. कारण असे की रेड वाइनचा रंग, तुरटपणा आणि बराचसा वास सालीत असतो; मणी जितका लहान तितके रसाच्या मानाने साल जास्त. शिराझचा रससुद्धा पिळला तर जवळजवळ पांढराच निघतो. तो सालींसकट आठवडाभर किंवा त्याहून जास्त आंबवतात तेव्हा कुठे तो काळपट जांभळा होतो. टाकीत सालींचा जाड थर वर येऊन बसतो आणि दिवसातून दोन-तीनदा तो खाली दाबावा लागतो किंवा खालचा रस पंपाने वर सोडावा लागतो. ते काम चालू असताना पाहायला मिळाले तर तुमच्या ताई बाकी सगळे विसरतील, याची मला खात्री आहे.

परवानगी घेऊन एक मणी तोडा. साल चावा, बोटांना रंग लागतो का पाहा, बी थुंकून हातावर घ्या. बी हिरवी असेल तर ती वाइन कच्च्या काडीसारखी कडवट लागण्याची भीती असते. तपकिरी आणि कुरकुरीत असेल तर द्राक्ष तयार आहे. केवळ साखरेवर विसंबून चालत नाही, कारण आपल्या उन्हात साखर पटकन चढते आणि साल-बी मागे राहते. २४ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातली साखर मोजण्याचे माप) तोडले की १३ टक्क्यांच्या आसपास मद्यार्क तयार होतो. आणखी थांबलो तर आंबटपणा उतरतो आणि वाइन जड, बेचव होते. या दोन-चार दिवसांच्या निर्णयासाठी आमच्या घरी किती रात्री जागून काढल्या आहेत! त्यात अवकाळी पावसाचे ढग दिसले की भुरी आणि घडकूज यांच्या धास्तीने अर्धी बाग कच्चीच उतरवायचा मोह होतो. एका वर्षी आमचा तयार माल एका खरेदीदाराने ऐनवेळी चार दिवस उशिरा उचलला आणि तेवढ्या दिवसांत मणी सुकून वजन बरेच घटले. त्यानंतर आम्ही वाइनची द्राक्षे बंद केली. तरीही पहाटे पाचला, थंडीत, घड क्रेटमध्ये भरताना येणारा तो वास मला अजून हवासा वाटतो. द्राक्ष गार असतानाच वाइनरीत पोहोचले पाहिजे, म्हणून तोडणी पहाटे असते. ताईंना उठण्याची तयारी असेल तर वाइनरीला ही तोडणी पाहता येईल का, असे विचारा.

आणखी एक. बरोसात १८४३ साली लावलेल्या शिराझच्या वेली अजून फळ देतात आणि त्या स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत, कारण मुळे खाणारी फायलोक्सेरा कीड दक्षिण ऑस्ट्रेलियात पोहोचलीच नाही. आमच्याकडे डॉगरिज किंवा ११० आर या खुंटावर, म्हणजे मुळांसाठी लावलेल्या दुसऱ्या जातीच्या वेलीवर, कलम करून बाग लावतात, मुख्यतः पाण्याची टंचाई आणि क्षार यांच्यामुळे. ताईंना खुंटाबद्दल बोलायला एखादा शेतकरी भेटला तर त्यांचा तास कसा गेला ते कळणार नाही.

अकलूजकर

नाशिकला जावेच, परंतु पुण्याहून निघणार आहात आणि विषय केवळ रेड वाइनचा आहे, म्हणून एक वेगळे मत मांडतो. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेल्लीच्या बागा आणि वाइनरी आहेत. पुण्याहून अंतर नाशिकपेक्षा कमी आहे. फ्रातेल्ली म्हणजे इटालियन भाषेत भाऊ. सेक्ची, सेखरी आणि आमच्याकडचे मोहिते-पाटील अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून ती उभी केली आणि इटलीतल्या तोस्काना प्रांताचे पिएरो मासी यांनी तिथली वाइन घडवली. तोस्कानाचे सांजोव्हेझे हे द्राक्ष माळशिरस तालुक्याच्या मुरमाड, कोरड्या जमिनीत इतके चांगले रुजेल असे आम्हा गावकऱ्यांना कधी वाटले नव्हते. सांजोव्हेझे आणि कॅबर्ने या द्राक्षांच्या मिश्रणाची सेत्ते ही रेड वाइन त्यांची ओळख आहे.

गंगापूररोडकरांच्या 'एकच शिराझ' या सूचनेशी मी पूर्ण सहमत नाही. ताईंनी आयुष्यभर उत्तम शिराझ प्यायली आहे. त्यांच्यासमोर पुन्हा शिराझ ठेवली तर त्या प्रत्येक घोटाला बरोसाच्या मापाने मोजतील आणि ते माप आपल्या तरुण वेलींवर थोडे अन्यायाचे होईल. जे द्राक्ष त्यांच्या वहीत फारसे नसेल, ते समोर आले तर त्या मोकळ्या मनाने चाखतील. आईंसाठी पंढरपूर अकलूजपासून तासाभराच्या अंतरावर आहे. विठोबाचे दर्शन आणि लेकींची वाइन एकाच फेरीत होईल. मात्र इथे नाशिकसारखी अनेक वाइनरींची रांग नाही, आणि येण्याआधी वेळ ठरवूनच यावे लागते.

गंगापूररोडकर

अकलूजकरांचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे आणि सेत्ते मलाही आवडते. तरीही मी शिराझवरच ठाम राहीन. ज्याला एखादे द्राक्ष आतून-बाहेरून ठाऊक आहे, त्यालाच त्या द्राक्षातून नवी जमीन ओळखता येते. नाशिकच्या शिराझमधला मिऱ्यासारखा तिखट वास आणि हिवाळ्यातल्या गार रात्रींनी राखलेला आंबटपणा हा बरोसाच्या दाट, पिकल्या जांभळासारख्या शिराझपेक्षा वेगळा आहे. ताई मोजतील हे खरे, पण तो वेगळेपणा त्यांच्याइतका स्पष्ट दुसऱ्या कोणाला जाणवेल? दिवस हाताशी असतील तर नाशिक आधी आणि अकलूज नंतर, असे करावे.

ठाण्याची_सुगरण

ठिकाणांबद्दल जाणकारांनी लिहिलेच आहे; मी चाखण्याच्या आणि नेण्याच्या बाजूने थोडे लिहिते.

नाशिकला गेल्यावर मिसळ खाणारच, पण ती टेस्टिंगच्या सकाळी खाऊ नका. तिखटाने पेटलेल्या जिभेवर रेड वाइनचा तुरटपणा आणि मद्यार्क दोन्ही बोचतात, आणि चांगली वाइनही नुसती जळजळीत लागते. त्या सकाळी पोहे, उपमा, थालीपीठ-लोणी असे सौम्य पण पोटभर खा. मिसळ परतीच्या दिवशी मनसोक्त खाता येईल. टेस्टिंगच्या टेबलावर मसाल्याचे शेंगदाणे ठेवतात, तेही बाजूला करून साधा पाव आणि पाणी मागा. जेवणात मात्र शिराझबरोबर काळ्या मसाल्याचे मटण, तिखट जरा हात राखून केलेले, ताईंना आवर्जून खाऊ घाला. भाजलेले खोबरे, दगडफूल आणि मिरी यांचा वास शिराझच्या वासाला जाऊन भिडतो. मेलबर्नमध्ये ही जोडी त्यांना सहज मिळणार नाही.

रेड वाइन 'खोलीच्या तापमानाला' द्यावी असे म्हणतात ती खोली युरोपातली. १६ ते १८ अंश हे तिचे योग्य तापमान आहे आणि फेब्रुवारीच्या अखेरीस नाशिकची दुपार तिशी ओलांडते. बाटली गरम वाटली तर दहा-पंधरा मिनिटे बर्फाच्या पाण्यात ठेवायला निःसंकोच सांगा. लग्नातल्या त्या वाइनचा अर्धा दोष बहुधा तापण्याचाच असावा. घोट थुंकण्यासाठी भांडे मागायलाही संकोच करू नका. ताईंना ती रीत माहीत असणारच, आणि तसे केल्याने चौथी वाइनही पहिलीइतक्याच लक्षपूर्वक चाखता येते.

खरेदी केलेल्या बाटल्या गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका. एक थर्मोकोलचा खोका घरूनच न्या. ऑस्ट्रेलियात प्रौढ प्रवाशाला २.२५ लिटर मद्य करमुक्त नेता येते, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या बरोबर तीन बाटल्या. बिले जपून ठेवा आणि बाटल्या मोठ्या बॅगेत, कपड्यांत नीट गुंडाळून द्या. कोणत्या तीन हे ठरवण्यासाठी सहलीतच रोज रात्री वहीवरून बोलत जा.

धाकटी_कोथरूड

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतक्या आपुलकीने आणि इतके नेमके कोणी लिहील असे वाटले नव्हते. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातले मंगळवार ते गुरुवार ठरवले आहेत: पहिला दिवस गोवर्धन आणि गंगावऱ्हे, दुसरा सांजेगाव आणि कावनई, आणि तिसऱ्या दिवशी पहाटेची तोडणी कुठे पाहता आली तर ती, नाहीतर मिसळ खाऊन परत. चालकाची व्यवस्था झाली. कपिलधारेचे नाव काढताच आईने कपाटातून जुनी नऊवारी काढून ठेवली आहे. अकलूज मार्चच्या पहिल्या आठवड्यासाठी राखून ठेवले आहे. पंढरपूर म्हटल्यावर आई नाही म्हणणार नाही.

बागायतदारकाका, एक विनंती. बागेत जाऊन शेतकऱ्याशी बोलण्याचे ताईला मी अजून सांगितलेले नाही, पण खुंट आणि सालीबद्दलचा तुमचा मजकूर मी तिला तसाच वाचून दाखवणार आहे. तुम्ही शिराझ बंद केली असली, तरी त्या दिवसांत दिंडोरीकडे आलो तर तासभर बोलायला भेटू शकाल का?

दिंडोरीचा_बागायतदार

अवश्य या. शिराझच्या दोन ओळी घराजवळ अजून ठेवल्या आहेत, विकण्यासाठी नाहीत. यंदा पाखरांपासून वाचल्या तर ताईंना मणी तिथेच तोडून देईन. आईंनाही घेऊन या. घरी चहा होईल आणि खाण्याच्या द्राक्षांचे दिवस असतील, त्यांच्यासाठी ताजे घड काढून ठेवतो. तारीख पक्की झाली की इथेच निरोपात कळवा, वाटेची खूण त्यात सांगतो.